लिनक्सला काही होत नाही म्हणे!

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते भिंतीवर रंगवूनच टाकावं असं वाटतं. ‘लिनक्स आहे सर, त्याला व्हायरस लागत नाही.’ लॅब असिस्टंट म्हणतो, एचओडी म्हणतात, मशिनं पुरवणारा व्हेंडर म्हणतो. आणि सगळ्यात ठासून म्हणतो तो सेकंड इयरचा पोरगा, ज्यानं मागच्याच महिन्यात लॅपटॉपवर उबंटू टाकलंय. पुढचं वाक्यही ठरलेलं आहे. अपडेट मारायचं का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘चालू हाये ना सर? मंग कायले हात लावता?’

लिनक्सची मशिनं लावून देणं, नेटवर्क ओढणं, बंद पडलेलं चालू करणं यावर माझं पोट चालतं. त्यामुळे लिनक्सशी माझं भांडण असायचं कारण नाही. भांडण या वाक्याशी आहे. ते खोटं आहे, आळशी आहे, आणि त्याची किंमत ते म्हणणारा भरत नाही. त्या मशीनवर बसून स्कॉलरशिपचा फॉर्म भरणारी पोरगी भरते.

मुळात ‘व्हायरस लागतो का’ हा प्रश्नच जुना झाला. प्रश्न असा विचारायला हवा की या मशीनमध्ये असं कोणतं सॉफ्टवेअर आहे, जे सगळं पाहतं, सगळं ऐकतं, आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही? त्याचं उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असतं. अक्षरशः.

स्क्रीनवर दिसणारी प्रत्येक खिडकी कुणीतरी तिथं मांडतं. ब्राउझर स्वतः स्क्रीनवर रंग भरत नाही; तो सांगतो, ‘मला एवढी जागा दे, त्यात हे दाखव.’ कीबोर्डवरचं बटण दाबलं की ते कोणत्या खिडकीला द्यायचं, माउस कुणाच्या अंगावर आहे, हेही तोच मधला माणूस ठरवतो. त्याला म्हणतात डिस्प्ले सर्व्हर. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडायचं काम सरफेसफ्लिंगर नावाचा घटक करतो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मात्र कित्येक वर्षं हे काम एकाच कुळाकडे होतं. त्याचं नाव एक्स. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत, प्रोजेक्ट अथेनाच्या दिवसांत बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी ते सुरू केलं. १९८७ मध्ये त्याची ११ वी आवृत्ती आली आणि आकडा तिथंच थांबला. आज तुमच्या लॅबमधल्या मशीनवर एक्स चालत असेल, तर ते एक्स-११ च आहे. २००४ पासून ते एक्स-ऑर्ग या नावाखाली सांभाळलं जातं.

ते बनलं त्या काळाचा स्वभाव त्यात उतरला आहे. युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, सगळे एकमेकांना ओळखणारे. म्हणून एक्सनं गृहीत धरलं की एकदा आत घेतलेला प्रोग्राम म्हणजे घरचाच माणूस. एक्सवर चालणारा कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत दाबलेली बटणं ऐकू शकतो, स्क्रीनचा फोटो काढू शकतो. ही चूक नाही, ती मुळातली रचना आहे. तुम्ही एका खिडकीत बँकेचा पासवर्ड टाइप करता आणि बाजूच्या खिडकीत उघडं असलेलं फुकटचं गेम तो वाचू शकतं. हे सगळं कोणतीही चोरवाट न शोधता.

इथपर्यंत निदान रचना ठरवून केलेली होती. खरी गंमत पुढे आहे.

वऱ्हाडात धुऱ्याच्या भांडणात दोन-दोन पिढ्या गेलेली घरं गावागावात सापडतील. (धुरा म्हणजे तिकडे पुण्या-साताऱ्याकडे ज्याला बांध म्हणतात तो.) कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एकाला लागून एक असलेली वावरं. प्रोग्राम म्हणतो, मला १०० बाइटचं वावर द्या. मिळतं. सी या भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्या वावरात पेरायला लागतो, आणि धुरा आला की थांबायचं हे लिहिणाऱ्यानंच लक्षात ठेवायचं असतं. सी त्याला अडवत नाही. १०१ वा दाणा सरळ शेजाऱ्याच्या वावरात पडतो. नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम नुसता कोसळतो. पण शेजारच्या वावरात ‘हे काम झालं की पुढे कुठं जायचं’ असा पत्ता लिहिलेला असेल, तर बाहेरचा एखादा माणूस मुद्दाम मोजूनमापून जास्तीचे दाणे टाकतो आणि तो पत्ताच बदलून ठेवतो. आता प्रोग्राम त्याच्या सांगण्यावर चालतो. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

दुसरी जात मक्त्याची. वावर एकाला मक्त्यानं दिलं, मुदत संपली, मालकानं ते दुसऱ्याला दिलं. पहिल्यानं मात्र गेटची चावी परत केलीच नाही. तो आपल्या समजुतीनं येऊन पेरून जातो, आणि ज्याचं पीक उभं आहे त्याला पत्ता नाही. सॉफ्टवेअरमध्ये याचं नाव यूज-आफ्टर-फ्री. मोकळी केलेली मेमरी जुन्या पत्त्यावरून पुन्हा वापरायची. गावात निदान तलाठी असतो, मोजणी असते, तहसील असतं. सीमध्ये यातलं काहीच नाही. सगळा कारभार तोंडी.

या तोंडी कारभाराचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगतो. एक्सच्या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीत एक ओळ होती. फॉन्टच्या फाइलमधून अक्षराचं नाव वाचायचं आणि १०० बाइटच्या जागेत ठेवायचं. नाव त्याहून लांब निघालं तर काय, हे कुणी लिहिलंच नाही. ही ओळ मे १९९१ मधली. लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स बनवत असल्याची पहिली घोषणा केली ऑगस्ट १९९१ मध्ये. म्हणजे ही चूक लिनक्सपेक्षा वयानं मोठी आहे! ती जाहीर झाली जानेवारी २०१४ मध्ये. २२ वर्षं. आणि दुरुस्ती काय होती? त्या ओळीत ‘९९’ एवढे दोन अंक घातले. जास्तीत जास्त ९९ अक्षरं वाच, पुढे जाऊ नकोस. बस.

आता ते दुसरं लाडकं वाक्य आठवा: ‘ओपन सोर्स आहे, सगळं जग कोड बघतंय, चूक राहीलच कशी?’ एरिक रेमंड या अमेरिकन लेखकानं या समजुतीला टोरवाल्ड्सचं नाव देऊन नियम करून टाकलं, आणि आपल्याकडच्या प्रत्येक लिनक्स वर्कशॉपमध्ये तो आरतीसारखा म्हटला जातो. बघायची मुभा असणं वेगळं आणि कुणी बघणं वेगळं. जिल्हा ग्रंथालयही सगळ्यांना उघडं असतं. म्हणून तिथलं प्रत्येक पुस्तक कुणी वाचलंय का? ती १९९१ ची ओळ शेवटी माणसाच्या डोळ्यानं नाही, सीपीपीचेक नावाच्या एका तपासणी सॉफ्टवेअरनं दाखवून दिली.

त्याच सुमारास, डिसेंबर २०१३ मध्ये, इल्या व्हान स्प्रुंडेल या संशोधकानं हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये एक्सच्या सुरक्षेवर भाषण दिलं. काही महिन्यांत त्याला एकट्याला शंभरावर चुका सापडल्या होत्या, आणि काम संपलेलं नव्हतं. पुढच्या डिसेंबरात एक्स-ऑर्गनं त्यातल्या सर्व्हरच्या चुकांची जाहीर सूचना काढली तेव्हा कळलं, की काही तर थेट १९८७ च्या पहिल्या कोडापासून चालत आल्या आहेत.

बरं, तेव्हा सगळं साफ झालं म्हणावं, तर तसंही नाही. आणि इथं मला मराठी वाचकाला जरा जवळ बोलवायचंय. एक्समध्ये कीबोर्ड सांभाळणारा एक भाग आहे, त्याला एक्सकेबी म्हणतात. तुम्ही लिनक्सवर मराठी इनस्क्रिप्टचा लेआउट थेट निवडून टाइप करत असाल, तर कोणत्या बटणाला ‘क’ आणि कोणत्या बटणाला वेलांटी, हे याच भागाच्या तक्त्यांतून ठरतं. इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल करणाऱ्या आपल्यासारख्यांचं रोजचं काम त्याच्याशी. ऑक्टोबर २०२४ मध्ये या एक्सकेबीत एक बफर ओव्हरफ्लो जाहीर झाला. तो २००६ पासून तिथं होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व्हरच्या आठ चुका एकदम बाहेर आल्या, त्यातल्या तीन पुन्हा एक्सकेबीच्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी तीन, त्यातल्या दोन एक्सकेबीच्या. वर सांगितलेल्या दोन्ही जाती यात आहेत, धुऱ्याची आणि मक्त्याचीही.

यावर हुशार माणूस म्हणतो (आणि तो खरंच हुशार असतो, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं): ‘पण सर, या चुका वापरायला हल्लेखोर आधी मशीनच्या आत असायला लागतो. बाहेरून इंटरनेटवरून कुणी हे करू शकत नाही. मग एवढा गोंधळ कशाला?’

अगदी बरोबर. बहुतेक वेळा तो आत असायला लागतो. आता मला सांगा, कॉलेजच्या लॅबमध्ये आत कोण नसतं?

ज्या देशांत हे धोक्याचे कागद लिहिले जातात, तिथं एक माणूस, एक लॅपटॉप असा हिशोब असतो. ‘स्थानिक हल्लेखोर’ म्हटलं की तिकडच्या वाचकाला वाटतं, मीच माझ्या मशीनवर हल्ला करू का? आपल्याकडे एका मशीनवर सकाळच्या बॅचपासून संध्याकाळच्या बॅचपर्यंत माणसं बदलत राहतात. मी पाहिलेल्या कितीतरी लॅबमध्ये सगळ्यांसाठी एकच लॉगिन असतं, नाव ‘स्टुडंट’, पासवर्डही तोच. दिवसभर कुणी लॉगआउट करत नाही; एक उठतो, दुसरा बसतो. त्याच सेशनमध्ये महाडीबीटीचं लॉगिन होतं, परीक्षेचा फॉर्म भरला जातो, कुणाचं ईमेल उघडं राहतं, कुणाचं आधारकार्ड डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असतं. आधीच्या बॅचमधल्या कुणी मागे एखादा प्रोग्राम चालू ठेवून गेला असेल, तर एक्सच्या मूळ रचनेप्रमाणे तो पुढच्या सगळ्यांची बटणं ऐकत बसेल. आणि त्याला वरच्यासारखी मेमरीची एखादी चूक वापरून रूट व्हायचं जमलं, तर लॉगआउट करूनही सुटका नाही. मशीनच त्याचं झालं.

रूट कसा होईल? जुन्या व्यवस्थेत एक्सचा सर्व्हर रूटच्या अधिकारानं चालायचा, कारण ग्राफिक्स कार्डला हात लावायला ते लागायचं. म्हणजे सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा, सगळ्यात कमी तपासलेला प्रोग्राम, आणि त्याच्याच कमरेला घराच्या किल्ल्या. डेबियननं २०१७ च्या आवृत्तीपासून शक्य तिथं ती गरज काढून टाकली. तुमच्या लॅबमधलं मशीन कधीचं आहे?

२०१८ सालची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. ती मेमरीची चूक नव्हती, अधिकार तपासायचा राहून गेल्याची होती. पण सर्व्हर हाच. ऑक्टोबर २०१८ मध्ये एक्स-ऑर्गच्या जाहीर सूचनेत शोधणाऱ्याचं नाव आलं: नरेंद्र शिंदे, भारतीय सुरक्षा संशोधक. एक्स सुरू करताना लॉग कुठं लिहायचा हे सांगायची सोय होती, आणि रूटच्या अधिकारानं चालणारा सर्व्हर मुकाट्यानं कुठल्याही फाइलवर लिहायचा. २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत हे भोक होतं. बातमी फुटल्यावर दुसऱ्या एकानं ते वापरायची कमांड एका ट्वीटमध्ये बसवून दाखवली. काही डिस्ट्रोंवर मात्र अट होती की माणूस प्रत्यक्ष त्या मशीनच्या कीबोर्डसमोर बसलेला हवा. सर्व्हर रूममध्ये ही अट मोठा दिलासा. लॅबमध्ये ती अट म्हणजे हजेरीपट.

शिंदे हे आडनाव त्या सूचनेत वाचून मला फार बरं वाटलं होतं, ते वेगळं. बघणाऱ्या डोळ्यांत आपल्याकडचे डोळे फार कमी असतात.

मग येतात सल्ले देणारे. दरवर्षी कुठल्यातरी हॉलमध्ये ‘सायबर जागृती’ असते. पीपीटी तीच: अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, ओटीपी सांगू नका, पासवर्ड मोठा ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत, पाळा. पण त्यातून असं चित्र उभं राहतं की जे काही वाईट घडतं ते वापरणाऱ्याच्या बावळटपणामुळे. मेमरीच्या चुकांचं तसं नसतं, आणि त्याचा दाखला शोधायला लांब जायला नको. अमरावतीहून नागपूर गाठलं की झालं. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलिंगमध्ये बफर ओव्हरफ्लो सापडला. फोन उचलायचीही गरज नव्हती. नुसता कॉल आला की पेगाससला आत शिरायची वाट मिळायची. जगभरातले सुमारे १४०० लोक लक्ष्य झाले, असं व्हॉट्सअ‍ॅपनं ऑक्टोबर २०१९ मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर खटला भरताना सांगितलं. त्यात आपलं नाव असल्याचं ज्या भारतीयांनी जाहीरपणे सांगितलं, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. लिंकवर क्लिक नाही, ओटीपी नाही, पासवर्ड नाही. मिस्ड कॉल. जागृतीच्या पीपीटीत यासाठी कोणती स्लाइड आहे?

चूक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची, उपदेश वापरणाऱ्याला. ही चाल मला सहन होत नाही.

तिसरा गडी सगळ्यात कडवा. तो म्हणतो, सीचा दोष नाही, लिहिणाऱ्याचा आहे. चांगला प्रोग्रामर अशा चुका करत नाही. यावर मी काही मत देत नाही, आकडे देतो. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी ते ज्या सुरक्षेच्या चुका दुरुस्त करतात, त्यांतल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या असतात. क्रोमच्या टीमनं २०२० मध्ये आपल्या गंभीर चुका मोजल्या: सुमारे ७० टक्के. या दोन्ही ठिकाणी काय हौशी मंडळी बसली आहेत? आणि अँड्रॉइडचं बघा, कारण हा लेख तुम्ही बहुधा त्याच्यावरच वाचताय. २०१९ मध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या चुकांत मेमरीच्या ७६ टक्के होत्या. नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला लागल्यावर २०२४ मध्ये त्या २४ टक्क्यांवर आल्या. त्या पाच वर्षांत जगातले प्रोग्रामर अचानक चांगले झाले नाहीत. भाषा बदलली.

रस्टची गोष्ट वऱ्हाडी माणसाला समजवायला सोपी आहे, कारण तिचा सगळा व्यवहार सातबाऱ्याचा. प्रत्येक वावराला एक मालक. दुसऱ्याला वापरायला दिलं तर ती उसनवारी, आणि ती मुदतीत परत व्हायलाच हवी. हे शब्द मी जुळवलेले नाहीत. ओनरशिप आणि बॉरोइंग हेच त्या भाषेचे मूळ शब्द आहेत. मालकी स्पष्ट नसेल तर कंपायलर नावाचा तलाठी फेरफार मंजूरच करत नाही. प्रोग्राम तयारच होत नाही. शिवाय चालू असताना कुणी धुरा ओलांडायला गेलाच, तर प्रोग्राम तिथंच थांबतो, शेजारी लिहीत नाही. सीचा तलाठी सगळ्यावर सही करून देतो आणि भांडण गावावर सोडतो.

रस्टवाल्यांशीही माझं थोडं आहेच. ‘सगळं रस्टमध्ये पुन्हा लिहा’ असं म्हणणं सोपं आहे. चाळीस वर्षांचा कोड असा एका हिवाळ्यात पालटत नाही, आणि रस्टमध्येही ‘अनसेफ’ असं लिहून कुंपण उघडता येतं. तसंच वेलँडवाल्यांशी. क्रिस्टियन होग्सबर्गनं २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडनं एक्सची जागा घेतली आहे, आणि एका खिडकीनं दुसरीची बटणं ऐकायची ती मूळ खोड त्यानं मोडली. हे मोठं काम झालं. पण वेलँडचे बरेचसे कंपोझिटर अजून सी आणि सी++ मध्येच आहेत, म्हणजे धुरा राखायची जबाबदारी तिथंही माणसाच्या आठवणीवर. शिवाय जुनी सॉफ्टवेअर चालवायला वेलँडच्या आत एक्सवेलँड बसवलेलं असतं, आणि ते एक्स-ऑर्गचाच कोड वापरतं. वर सांगितलेल्या चुकांतल्या कितीतरी त्यालाही लागू होतात. सिस्टीम७६ या कंपनीनं कॉस्मिक हा डेस्कटॉप कंपोझिटरसकट रस्टमध्ये लिहून काढला, तो रस्ता मला पटतो. म्हणून ‘वेलँड आहे सर, आता काही होत नाही’ हे नवीन वाक्य कृपा करून भिंतीवर चढवू नका.

आणि हे सगळं शिकायचं वय असतं तेव्हा आपण पोरांना काय देतो? टर्बो सी. निळा स्क्रीन, कोनिओ, व्हॉइड मेन, क्लिअर स्क्रीन, गेटच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा कंपायलर, आजच्या मशीनवर चालत नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये गुंडाळून चालवायचा. मी पाहिलेल्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत नाव वाचून घ्यायला अजून ‘गेट्स’ हे फंक्शन असतं. हे फंक्शन जागा किती आहे ते विचारतच नाही. येईल ते ओतत राहतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याची एक वाट हीच होती: एका सर्व्हरनं ५१२ बाइटच्या जागेत ‘गेट्स’नं वाचलेली ओळ. २०११ च्या सीच्या मानकातून हे फंक्शन चक्क काढून टाकलं. जगानं काढून टाकलेली वस्तू आपण दहा मार्कांना विचारतो! व्हायव्हात कुणी विचारत नाही की नाव लांब असेल तर काय. एखाद्या पोरीनं विचारलंच, तर उत्तर मिळतं, ‘एवढं लांब नाव कुणाचं असते?’ १९९१ मध्ये ती फॉन्टची ओळ लिहिणाऱ्यालाही बहुतेक असंच वाटलं असेल.

सी शिकवू नका असं मी म्हणत नाही. मेमरी हातानं सांभाळायचं काय असतं ते कळायला सीच हवी. पण धुरा ओलांडल्यावर काय होतं, ते दाखवून शिकवा. आजच्या जीसीसीत एक पर्याय चालू केला की मेमरीची अशी चूक झाल्याझाल्या ती ओळ क्रमांकासकट दाखवली जाते. फुकट आहे. टर्बो सीत तो नाही.

राहता राहिला पैसा. एक्स-ऑर्गच्या सुरक्षेच्या सूचना वाचल्या तर त्याच त्या मोजक्या लोकांची नावं दिसतात: रेड हॅटचे पीटर हटरर, ऑलिव्हिए फुर्दान, ऑरॅकलचे अ‍ॅलन कूपरस्मिथ. चुका शोधणाऱ्यांत जर्मन वळणाचं एक नाव, यान-निकलस सोन, पुन्हा पुन्हा येतं. रेड हॅटनं २०२५ च्या मोठ्या आवृत्तीतून एक्स-ऑर्गचा सर्व्हर काढूनही टाकला. म्हणजे पगारी हात आणखी कमी होणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या झेरोधानं मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना वर्षाला १० लाख डॉलर द्यायचा निधी सुरू केला. चांगली गोष्ट, पण भारतातून असं करणारं दुसरं नाव चटकन आठवत नाही. फुकट मिळतं म्हणून लिनक्स निवडणाऱ्या आपल्या संस्थांनी वाचलेल्या लायसन्सच्या पैशांतला एक रुपयाही कधी त्याच्या देखभालीला दिला नाही. सोडा, स्वतःच्या लॅबच्या देखभालीलाही दिला नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नोंद झाली, पेपरात फोटो आले. आनंदच आहे, त्याच रस्त्यानं मी जातो. पण नवीन काही टाकण्याचा विक्रम होतो. टाकलेलं नीट ठेवण्याचा होत नाही. लॅबचंही तसंच. उद्घाटनाला फीत, नारळ, मान्यवर. त्यानंतर मशीनला हात लावायचा तो फक्त बंद पडल्यावर. माझ्या ओळखीची एक लॅब आजही उबंटू १८.०४ वर आहे, नाव सांगत नाही. त्या आवृत्तीचा नियमित सपोर्ट मे २०२३ मध्ये संपला. ऑक्टोबर २०२३ नंतर एक्समध्ये जाहीर झालेल्या एकाही चुकीची दुरुस्ती तिथं पोचलेली नाही, आणि कुणी हात लावल्याशिवाय पोचणार नाही. मशिनं चालू आहेत. एकदम झकास चालू आहेत.

व्हेंडरचा कागद मागवून बघा: प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, यूपीएस, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी. सॉफ्टवेअरचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत येणार, ही ओळ मला आजवर एकाही कागदावर दिसलेली नाही. कुणी मागितलीच नाही, तर तो कशाला लिहील?

मागायचं काम तुमचं आहे, कारण त्या खुर्चीवर तुम्ही बसता. फी भरता, पावतीवर कॉम्प्युटर लॅबची ओळ असते. प्राचार्यांना अर्ज करायचा, पाच-सहा जणांच्या सह्या घ्यायच्या. लॅबमधल्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे आणि तिचा सपोर्ट कधी संपतो, ते नोटीस बोर्डवर लावा. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं लॉगिन द्या. आठवड्यातून एक तास अपडेटसाठी टाइमटेबलमध्ये धरा. पुढच्या खरेदीत सपोर्टची तारीख लेखी घ्या. यात निधीचा प्रश्न नाही, त्यामुळे ‘प्रस्ताव वर पाठवतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आवृत्ती कळायला लॅब असिस्टंटची परवानगी लागत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडलं की दिसते. अर्ज करण्याआधी ती बघून घ्या, आणि अर्जात आकड्यासकट लिहा.